वास येतोय का?

बायको भाच्याच्या मुंजीला देवासला गेलेली, घरात मी एकटा. आरशासमोर मिशीला डाय लावणं चाललं होतं. डावी बाजू काळी झाली होती, उजवी व्हायची होती, तेवढ्यात स्वयंपाकघरातला गॅसचा अलार्म कोकलायला लागला. रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि एकाही बटणाला हात न लावता बनियनवर अंगणात आलो. इथवर सगळं शास्त्रोक्त. मग शेजारचे काका आले.

हातात पोह्यांची बशी. इंदूरच्या लोकमान्य नगरात सकाळच्या वेळी आभाळ कोसळलं तरी ती खाली ठेवायची पद्धत नाही.

"काय भिया, भोंगा कसला वाजून राहिलाय?"

"गॅसचा अलार्म, काका. लांब उभे राहा."

काका थेट आत. ओट्यापाशी वाकले, हुंगलं, एक घास खाल्ला, पुन्हा हुंगलं. "मला तर काही वास येत नाही बुवा."

येणार कसा? जीरावन मसाला भुरभुरलेली बशी नाकाखाली आणि नाकात जन्मभराची तपकीर. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन नावाची दुर्गंधी मुद्दाम मिसळतात. मिसळणाऱ्यांनी काकांचं नाक हिशेबात धरलं नसावं.

मग त्यांची नजर अलार्मवर गेली. जमिनीपासून जेमतेम फूटभर.

"हा इतका खाली कोण्या गाढवानं लावला? धूर वर जातो!"

"धूर जातो, काका. हा गॅस हवेपेक्षा जड. खालीच साचतो."

"मला शिकवू नकोस. वीजखात्यात होतो मी."

"ती वीज झाली."

"वीज काय नि गॅस काय, जायचं ते वरच जातं." आणि हवा खेळती राहावी म्हणून काकांनी एक्झॉस्टच्या बटणाकडे बोट नेलं.

मी दारातून असा ओरडलो की पोहे सांडले. बटण दाबताना उडालेली ठिणगी साचलेल्या गॅसला पुरते, हे वीजखात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला मी सांगायचं, तेही अर्ध्या मिशीनिशी! काका बाहेर आले ते फुगूनच. मी १९०६ लावत होतो, गळतीची तक्रार त्याच नंबरवर करतात. काकांनी मोबाइलवर हात ठेवला. "कशाला? मी आहे ना."

तोवर कचरागाडी गाणं वाजवत दारात उभी. आमच्या इंदूरात ओला कचरा वेगळा, सुका वेगळा; बघे मात्र सरमिसळ. कुणी काकू आजींना सांगत होत्या, कुणी आजी काकांना. मला कुणी काही विचारलं असेल तर फक्त गाडीवाल्याने: "भैया, मूँछ को क्या हुआ?"

थोड्या वेळाने अलार्म आपणहून गप्प झाला. ओट्याखाली झुरळांच्या स्प्रेचा डबा मिळाला. जाता जाता मारून जा, असं बायकोने देवासहून कामवालीला फोनवर सांगितलं होतं. मला सांगायची गरज दोघींनाही वाटली नव्हती. त्या डब्यांत फवारा उडावा म्हणून बऱ्याचदा प्रोपेन-ब्यूटेनच भरलेले असतात, म्हणजे सिलिंडरमधलीच मंडळी. अलार्म खोटं बोललाच नव्हता. पण हे ऐकतो कोण? कॉलनीचा निकाल कधीच लागला होता: यंत्र खाली लावलं म्हणून बिघडलं, आणि मी वडीलधाऱ्यांवर खेकसतो. त्यातलं दुसरं कलम बायकोपर्यंत मुंजीच्या पंगतीत पोचलं. एवढी तत्परता काकांनी १९०६ ला दाखवू दिली असती तर!

संध्याकाळी एक वायरमन शिडी घेऊन हजर. काकांनी पाठवला होता, अलार्म छतापाशी सरकवायला. मी त्याला दारातूनच परत पाठवलं. तो जागचा हलेना. फेरीचे पन्नास रुपये हवे होते.

"काका बोले, आप दोगे."

दिले.