स्टिकर काढावा, पण रंगासकट

नवी दुचाकी घरी आल्यावर वर्षभर तिच्या सीटवरचे प्लास्टिक न काढणारा आणि पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचे हँडल आपल्या टाकीला लागू नये म्हणून मध्ये विटा मांडून ठेवणारा पुणेकर, त्याच टाकीवर स्टिकर चिकटवायला मात्र दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ देत नाही. आपणही याच परंपरेतले असाल, तर पुढील सूचना आपल्या उपयोगाच्या आहेत. त्या गाडीच्याही उपयोगाच्या असतील, असा आमचा दावा नाही.

प्रथम नाना पेठेत जाऊन 'रेडियम' करून घ्यावे. क्युरी दांपत्याने १८९८ साली शोधलेल्या रेडियमचा कणही त्या गुंडाळीत नसतो. ती पीव्हीसीची पातळ फिल्म असून तिच्या पाठीला दाबल्यावर धरणारा गोंद असतो. तरीही दुकानात जाऊन 'पीव्हीसी फिल्म द्या' असे म्हणू नये, कारण आपण बाहेरगावचे आहात हे लगेच कळते.

स्टिकर लावण्यास एप्रिलमधली दुपारची एकची वेळ उत्तम. गाडी सकाळपासून उघड्यावर उभी असावी आणि टाकीला हात लावताच तो झटकन मागे यावा. एवढ्या तापलेल्या पत्र्यावर गोंद टेकताक्षणी घट्ट धरतो, त्यामुळे स्टिकर वाकडा लागला तर सरळ करण्याचा प्रश्नच उरत नाही. गाडी आधी धुऊ नये. सिंहगड रस्त्याची धूळ स्टिकरखाली कायमची जतन होते आणि तिचे कण पुढे पुरळासारखे वर उमटतात. काही घाबरट मंडळी गाडी सावलीत घेतात, धुऊन कोरडी करतात, पाण्यात शाम्पूचे चार थेंब टाकून ते पत्र्यावर फवारतात, त्या ओलाव्यावर स्टिकर सरकवत जागेवर आणतात आणि मग मधून कडेकडे दाबत पाणी व हवा बाहेर काढतात. असे केल्याने बुडबुडे राहत नाहीत हे खरे. पण मग येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबून सल्ला द्यावा तरी कशाबद्दल?

स्टिकरची जास्तीची कड कापायची झाल्यास ती गाडीवरच, कटरने, मनगटाला चांगला जोर देऊन कापावी. गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाचे दोन केस एकावर एक ठेवावेत तेवढी असते. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा. कटरला हे हिशेब ठाऊक नसतात. त्याने आखलेल्या रेघेतून दोन पावसाळ्यांत गंज डोकावू लागला की स्टिकरला आपोआप तपकिरी किनार मिळते आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

गाडी नुकतीच गॅरेजमधून रंगवून आणली असेल तर स्टिकर त्याच संध्याकाळी लावावा. नव्या रंगातला थिनर पुढे काही आठवडे हळूहळू उडत असतो. त्याची वाट स्टिकरने अडवली की पुढेमागे स्टिकर आणि रंग हातात हात घालून निघून येतात. ही एकी पाहण्यासारखी असते.

आता काढण्याविषयी, कारण खरे कौशल्य तिथे लागते. निष्ठा बदलतात, पक्ष फुटतात, मंडळाच्या अध्यक्षाशी बिनसते, आणि एके दिवशी अभिमानाने मिरवलेला स्टिकर डोळ्यांत खुपू लागतो. तोपर्यंत उन्हाने फिल्मचा मऊपणा गेलेला असतो, ती आक्रसून कडक झालेली असते आणि कडेने उघड्या पडलेल्या गोंदावर धुळीची काळी रेघ बसलेली असते. अशा वेळी केसांच्या ड्रायरने स्टिकर हाताला सोसेल इतपत कोमट करून, तो स्वतःवरच उलटा दुमडून, पत्र्याला जवळजवळ समांतर असा सावकाश ओढला तर बहुधा अखंड निघतो. परंतु त्यासाठी घरात कुणाकडे तरी ड्रायर मागावा लागतो आणि 'आता कशाला हवा?' याचे उत्तर द्यावे लागते. त्यापेक्षा दाढीचे ब्लेड बरे. ते कुणाला विचारावे लागत नाही.

राहिलेल्या गोंदावर रॉकेल किंवा निलगिरीचे तेल लावून दहा मिनिटे थांबावे, मऊ कापडाने पुसावे आणि साबणाच्या पाण्याने धुवावे, असे जाणकार सांगतात. आपण थेट थिनर ओतावा. गोंद निघतोच, शिवाय वरची चमकही निघते, आणि पॅनेल प्लास्टिकचे असेल तर त्यावर कोड आल्यासारखा जो पांढुरका डाग उमटतो तो पुढे कशानेही पुसला जात नाही.

प्रस्तुत लेखकाने हे सगळे ऐकीव माहितीवर लिहिलेले नाही. चिरंजीवांच्या क्लासने प्रवेशाच्या पावतीबरोबर दिलेला स्टिकर आमच्या लाल स्कूटरवर चार उन्हाळे होता. चिरंजीवांनी शेवटी वाणिज्य शाखा पत्करल्यावर तो काढायला घेतला. देवनागरीची सोय अशी की शिरोरेषा धरून ओढली तर अख्खा शब्द एकदम निघेल, असे वाटते. प्रत्यक्षात शिरोरेषा तेवढी हातात येते आणि अक्षरे गाडीवर राहतात. 'यशाची खात्री' यातले यश बऱ्यापैकी निघाले. खात्रीचे मात्र सात तुकडे झाले, आणि त्यातला वेलांटीचा शेंडा नखात शिरून दोन दिवस ठणकत होता. गोंद खोबरेल तेलाने चोळचोळून काढला. त्यात रविवारची सकाळ गेली आणि जेवणाच्या वेळी हाताला तेलधुळीचा काळा थर होता.

गाडी धुतल्यावर मात्र सगळा मजकूर जागच्या जागी होता. चार वर्षांच्या उन्हाने बाकीचा लाल रंग विटला होता आणि अक्षरांखालचा तसाच टवटवीत राहिला होता. पॉलिशने आजूबाजूचा रंग थोडा उजळला, पण फरक गेला नाही. सकाळी तिरपे ऊन पडले की फोन नंबर पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ वाचता येतो. गेल्या आठवड्यात तळमजल्यावरचे काका चष्मा कपाळावर सरकवून, स्कूटरपाशी वाकून तो वर्तमानपत्राच्या कडेला उतरवून घेत होते. त्यांच्या नातीला यंदा अकरावीसाठी क्लास लावायचा आहे.