पार्किंगमध्ये मोटरबोट

पुण्याला समुद्र नाही, पण माझ्या मेहुण्याची पानशेतच्या बॅकवॉटरला लागून जमीन आहे आणि त्याला मासे धरायची हौस आहे. त्यामुळे आमच्या नात्यात १५ हॉर्सपॉवरची एक आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागे लावायचं इंजिन, आहे. (परवानगीचे कागद हा वेगळ्या लेखाचा विषय.) गेल्या महिन्यात ती आवाज करू लागली. गियर टाकला की 'खर्रर्र', आणि वेग वाढवला की मध्येच 'कुईं', दारात शेपटी सापडलेल्या मांजरीसारखं.

"भाऊजी, तुम्ही इंजिनिअर ना? घेऊन जा."

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. पण सासरी हे बोलायची सोय नसते.

ही मोटर कोरडी चालवायची नसते. पाणी ओढणारा आतला रबरी इम्पेलर बघता बघता जळतो. म्हणून २०० लिटरचं पिंप भरून पार्किंगमध्ये ठेवलं, मोटर फळीला आवळून आत सोडली आणि दोरी ओढली. दुपारचे दोन वाजले होते. त्यातून गुरुवार, आणि त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. पुण्यात राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको.

पाच मिनिटांत बिल्डिंग खाली.

"गळतेय तुमची मोटर," चेअरमन म्हणाले. मी समजावलं, मागून पडणारी ती बारीक धार पडायलाच हवी, थंडाव्याचं पाणी फिरतंय याची ती खूण आहे. "असेल. पण गळतेय." एकांनी बेअरिंग सांगितलं, कारण त्यांच्या गावच्या बोअरचं बेअरिंगच गेलं होतं. एक काकू म्हणाल्या, "मिक्सरसारखं आधी उलटं करून बघा."

आणि आवाज? छे! दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यावर दाढ जशी गप्प होते, तशी मोटर शहाण्यासारखी गुरगुरत होती.

मग दुसऱ्या मजल्यावरचे काका आले. जन्म कारखान्यात गेलेला. हातात हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर. टोक मोटरला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. तानपुरा लावावा तशी शांतता.

"न्यूट्रलमध्ये पंखा फिरतच नाही हो. आवाज येणार कुठून? गियर टाका."

टाकला. खर्रर्र-कुईं! "हाच!" मी ओरडलो. पण तोवर पिंपातलं अर्धं पाणी काकांच्या बनियनवर आणि चेअरमनसाहेबांच्या नुकत्याच पॉलिश केलेल्या गाडीवर गेलं होतं. गुरुवारी! काकू तर बादली घेऊन धावल्या.

मोटर बंद करून पंखा काढला. कॉटर पिन, नट, वॉशर, आणि मग आतल्या दांड्यावर दिसला तंगूस. गळाचाच तो, वेढ्यांवर वेढे बसून, घासून वितळून पार बांगडीसारखा कडक झालेला. त्यानं मागचं, पाणी आत येऊ न देणारं ऑइल सील कापलं होतं. काकांनी खालचा स्क्रू सैल केला आणि गियर ऑइल वाटीत घेतलं. ते अगदी अमृततुल्याच्या रंगाचं निघालं.

"पाणी शिरलंय," काका म्हणाले. सगळे वाटीत वाकून बघत राहिले. मग कोणीतरी विचारलं, "चहा टाकायचा का?"

दुसऱ्या दिवशी जुनं सील खिशात घालून नाना पेठ गाठली. "कुठल्या गाडीचं?" "बोटीचं." दुकानदारानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सीलच्या कडेवरच्या आकड्यांकडे, आणि काही न बोलता डबा उघडला.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन. "झालं का भाऊजी? आणि हो, माझा तंगूस तुमच्या डिकीत राहिला नाही ना? महिना झाला, सापडतच नाहीये."