वणव्याचा बिनचूक मुहूर्त

गवत पेटवायचंच ठरवलं असेल, तर निदान मुहूर्त साधा. टिटवीने चार अंडी घातलेली हवीत, लाव्याची मादी गवताच्या बुडख्याशी दबून बसलेली हवी आणि चंडोलाच्या पिल्लांना अजून पंख फुटलेले नसावेत. विणीच्या आधी काडी लावलीत, तर पक्षी सरळ दुसरी जागा बघतील. विण उरकल्यावर लावलीत, तर पिल्लं हाती लागायची नाहीत. टिटवीची पोरं तर अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच तुरुतुरु चालू लागतात. तेव्हा दिरंगाई नको.

लाव्याची मादी आधीच उडून जाईल, ही भीती मनातून काढून टाका. तिचा सगळा भरवसा अंगाच्या रंगावर. कोल्हा आला तरी हलायचं नाही, हे तिच्या रक्तातच आहे. आगीला रंग दिसत नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. आणि अगदी शेवटच्या क्षणी उठलीच, तरी अंडी थोडीच उठणार?

दाखला हवा? अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर हीथ हेन हा कोंबडीएवढा पक्षी शेवटचा तग धरून होता. १९०८ साली त्याच्यासाठी जागा राखून ठेवली, काही वर्षांत संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मग मे १९१६ मध्ये, ऐन विणीत, सोसाट्याच्या वाऱ्यात आग लागली. पक्षी उरले दीडशेच्या आत, तेही बहुतेक नर. माद्या अंड्यांवर होत्या ना! पुढचं काम कडक हिवाळा, शिकारी पक्षी आणि रोगराईने पार पाडलं. १९३२ नंतर हीथ हेन कुणाला दिसलेली नाही.

काही जाणकार मध्येच नाक खुपसतील. म्हणतील, कर्टलंड्स वॉर्बलर हा अमेरिकेतला छोटा पक्षी जमिनीवर घरटं करतो ते कोवळ्या जॅक पाइनखाली, आणि त्या झाडाची फळं आगीच्या धगीनेच उघडतात. मिशिगनमध्ये १९८० साली मुद्दाम लावलेली आग हाताबाहेर गेली, एका माणसाचा जीव गेला. पण जळक्या रानात नवी पाइन वाढली, आणि १९८७ साली जेमतेम १६७ गाणारे नर उरलेला हा पक्षी पुढे इतका सावरला की २०१९ मध्ये संकटग्रस्त यादीतून बाहेर पडला. आफ्रिकेतला टेमिंकचा धाविक हा पक्षी तर अनेकदा ताज्या जळक्या जमिनीवर काळपट अंडी घालतो. ऐकून घ्या, मान डोलवा. ‘आग ही निसर्गाचाच भाग’ एवढंच उचला. कधी, किती आणि किती वर्षांनी, हा तपशील त्यांच्याकडेच राहू द्या.

तुम्ही मात्र दरवर्षी जाळा, आणि सलग जाळा. मधे एखादा पट्टा राहिला, की तिथे लपायला जागा झालीच. घरटं मोडलेले बरेच पक्षी पुन्हा अंडी घालतात, ही त्यांची चिवट खोड. पण आडोशाला मागच्या वर्षीचं वाळकं गवतच नसेल, तर दुसऱ्या खेपेची अंडी कावळ्या-मुंगसांना लांबूनच दिसतात. तो भार तेच उचलतील.

सरतेशेवटी पाहणी. दुसऱ्या दिवशी सकाळी जा, आकाशात ओरडत फिरणाऱ्या टिटव्या मोजा आणि अहवालात लिहा: पक्षी सुखरूप, नुकसान शून्य.