शब्दांची किंमत फक्त ७ टक्के? नाही!

ऑफिसच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. म्हणून मॅनेजर काय बोलतो यापेक्षा कसं बोलतो ते महत्त्वाचं.’ आकडे खरे आहेत, अर्थ चुकीचा लावलाय.

हे आकडे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून आले. त्यांत संभाषण नव्हतंच. ‘मेबी’सारखे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, एका प्रयोगात सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवले, आणि बोलणाऱ्याला समोरच्याबद्दल काय वाटत असावं एवढंच विचारलं. हे सूत्र आवडनिवड, भावना यांपुरतंच आहे, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलंय.

शिफ्ट बदलताना सुपरवायझर सांगतो, ‘तीन नंबरचं मशीन आधी बंद कर, मगच आत हात घाल.’ यातलं ‘आधी’ आणि ‘मगच’ कुठल्या चेहऱ्यावर वाचणार? मला काळजी वाटते ती नव्या टीम लीडरांची. ट्रेनिंगमध्ये ते उभं कसं राहायचं ते शिकतात आणि कामाची सूचना मात्र अर्धवट देतात. चूक झाली की बोलणी खातो तो हाताखालचा पोरगा.

मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.