डबा नंतर, आधी समोरचा माणूस

गेल्या आठवड्यात मी रंगवलेल्या पाच नेक्रॉनचा, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळातल्या छोट्या सैनिकांचा, फोटो टाकला आणि इनबॉक्समध्ये सात-आठ जणांनी एकच प्रश्न विचारला: सुरुवात करायची तर काय घेऊ? एकानं तर थेट कार्टचा स्क्रीनशॉट पाठवला. अठ्ठावीस हजार रुपये. त्याला मी फोनच लावला. म्हटलं, बाबा रे, थांब. बोट उचल त्या बटणावरून.

हे नक्की काय प्रकरण आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्लॅस्टिकचे दीड-दोन इंची सैनिक आपणच जोडायचे, आपणच रंगवायचे, टेबलावर टेकड्या आणि पडक्या भिंती मांडायच्या आणि फासे टाकून लढाई खेळायची. पट नसतो, घरं नसतात. कोण किती सरकला ते टेपनं इंचात मोजायचं. याला मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात आणि त्यातला सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे वॉरहॅमर 40,000. चाळीस हजार सालानंतरचं जग. सिंहासनावर दहा हजार वर्षं धड मेलेला नाही आणि धड जिवंत नाही असा एक सम्राट, त्याच्या नावानं लढणारे चिलखती स्पेस मरीन, आणि लाल रंग दिला की गाडी जास्त जोरात पळते असं मनापासून मानणारे हिरवे ऑर्क. यात चांगला कोणीच नाही. ज्यांना सम्राट खरंच आदर्श वाटतो त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांच्याशी फक्त खेळते.

मी दातांची डॉक्टर. वय सत्तेचाळीस. या नादाला लागायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण लहानपणी पुण्यात दर दिवाळीला मी आणि धाकटा भाऊ किल्ला करायचो. विटा, दगड, वर गोणपाट, त्यावर चिखल, आणि कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेले मावळे. मावळे मांडायचे भावानं, हळीव पेरायचे मी, अशी आमच्याकडची कामाची वाटणी होती. ती कोणी ठरवली हे मला आजतागायत कळलेलं नाही.

हा भाऊ आता नॉटिंगहॅमला असतो. 2019 मध्ये त्याच्याकडे गेले तर भाचा म्हणाला, "आत्या, तुला एक जागा दाखवतो." मला वाटलं रॉबिन हुडचं काहीतरी असेल. त्यानं नेलं लेंटनला, गेम्स वर्कशॉपच्या मुख्यालयात. 1975 मध्ये लंडनमध्ये तीन मित्रांनी लाकडी पट बनवून विकायला सुरुवात केली, ती ही कंपनी. 1983 मध्ये त्यांचा वॉरहॅमर आला, 1987 मध्ये त्याचं अंतराळातलं रूप आलं. 2024च्या डिसेंबरात कंपनी लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभरांत जाऊन बसली. प्लॅस्टिकचे सैनिक विकून! मुख्यालयालाच लागून वॉरहॅमर वर्ल्ड आहे. तिथल्या प्रदर्शनात काचेमागे अख्ख्या लढाया मांडल्यात, शेकडो सैनिक, प्रत्येक हातानं रंगवलेला. मी काचेला नाक लावून उभी राहिले. हा किल्लाच होता की! कोणीतरी दिवाळी संपू दिली नव्हती, एवढाच फरक.

मग मी तीच चूक केली जी स्क्रीनशॉटवाला करायला निघालाय. शंभरेक पौंडांचा मोठा डबा घेतला, रंग घेतले, ब्रश घेतले, बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवून ठाण्याला आणले. आणि ते दोन वर्षं कपाटात पडून राहिले, जास्तीच्या ताटवाट्यांच्या वर. या छंदात अशा न रंगवलेल्या ढिगाला पाइल ऑफ शेम म्हणतात. जगभर प्रत्येकाकडे तो असतो आणि प्रत्येक जण हसत हसत त्याची कबुली देतो. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. तो ढीग आळसामुळे साचत नाही. खेळायला कोणी नसतं म्हणून साचतो. शनिवारी संध्याकाळी समोर कोणी येणार असेल तर माणूस शुक्रवारी रात्री दोन वाजेपर्यंत रंगवत बसतो. कोणी येणारच नसेल तर रंगवायचं कोणासाठी?

माझा समोरचा माणूस निघाला तिसऱ्या मजल्यावर. बँकेतून निवृत्त झालेले काका, बुद्धिबळ आणि ब्रिजवाले. 2021 मध्ये त्यांचा ब्रिजचा अड्डा बंद होता आणि ते वैतागले होते. मी भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "डॉक्टर, हे बाहुल्यांचं प्रकरण आपल्याला जमायचं नाही, पण नियम काय आहेत ते दाखवा." माझे सैनिक तेव्हा अजून फ्रेममधून सुटेही झाले नव्हते. म्हणून आम्ही सोड्याच्या बाटलीची बुचं घेतली. गंमत बघा, काचेच्या बाटलीचं पत्र्याचं बूच साधारण 32 मिलिमीटरचं असतं आणि साध्या स्पेस मरीनच्या पायाखालची चकती, म्हणजे बेस, तोही 32चाच. पाच बुचं माझी, पाच काकांची, मध्ये पुस्तकांच्या टेकड्या. पहिली लढाई मी हरले. दुसरीही.

त्या दिवशी काकांनी पेन्सिल घेऊन एक गणित मांडलं, ते इथे देते, कारण खेळ कसा चालतो ते त्यातून चटकन कळतं. (आम्ही अजून दहाव्या आवृत्तीचे, म्हणजे 2023चे नियम वापरतो, आकडे त्यातले.) पाच इंटरसेसर, म्हणजे साधे स्पेस मरीन, समोरच्या तशाच पाचांवर गोळ्या झाडतात. प्रत्येकी दोन, एकूण दहा गोळ्या. नेम लागायला फाशावर 3 किंवा जास्त हवेत, म्हणजे दोन तृतीयांश. लागलेली गोळी जखम करायला 4 किंवा जास्त, म्हणजे निम्म्या. मग समोरच्याचं चिलखत: एरवी ते 3 वर वाचवतं, पण ही बंदूक ते एकानं कमकुवत करते, म्हणून 4, पुन्हा निम्मं. दहातल्या सरासरी पावणेदोनसुद्धा पार होत नाहीत. आणि एक मरीन मरायला दोन जखमा लागतात. म्हणजे पाच जणांनी सगळी ताकद लावली तरी समोरचा सरासरी एकही पडत नाही! काका म्हणाले, "म्हणजे गोळीबार ही करमणूक झाली. खरा खेळ जागा धरण्याचा आहे." बरोबर होतं ते. गुण बहुतेक मोक्याच्या जागा ताब्यात ठेवण्याचे मिळतात. मला हे पाच व्हिडिओ बघून कळलं नव्हतं, बुचं हलवून कळलं.

तर माझं म्हणणं एवढंच: आधी माणूस शोधा. भाऊ, बायको, ऑफिसातला बुद्धिबळवाला, कॉलेजातली मुलगी, कोणीही. दोघांनी मिळून बुचांनी तीन वेळा खेळा. वॉरहॅमरच्या दहाव्या आवृत्तीचे मूळ नियम कंपनीनं फुकट दिले होते. वन पेज रूल्स नावाच्या दुसऱ्या खेळाचे मूळ नियमही फुकट आहेत आणि सैनिक कोणत्या कंपनीचे आहेत याला तिथे महत्त्व नाही. नवख्यांना मी तेच आधी सुचवते. त्यात दोघं आळीपाळीनं एकेक तुकडी हलवतात, त्यामुळे समोरच्याचा डाव संपेपर्यंत अर्धा तास चहा ढवळत बसावं लागत नाही. तीन डावांनंतरही दोघांना हसू येत असेल तर पैसे काढा. आणि तेव्हाही पाच-दहा सैनिकच. दोन हजार गुणांचं पूर्ण सैन्य (हे गुण म्हणजे तुकड्यांची खेळातली किंमत), तीन तासांची लढाई, हे सगळं नंतरचं. वॉरहॅमरच्याच छोट्या प्रकाराला, कॉम्बॅट पेट्रोलला, 44 बाय 30 इंच जागा पुरते. चार जणांचं जेवणाचं टेबल. किल टीम या आणखी छोट्या प्रकाराला तर त्याहून कमी.

"पण जाणकार म्हणतात अमुक सैन्य सध्या भारी आहे." असेल. 2017, 2020, 2023, दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती आली आणि आज भारी असलेलं उद्या लंगडं झालं. दिसायला आवडतं ते घ्या. फारच संभ्रम असेल तर नेक्रॉन घ्या. दिसायला धातूचे सांगाडेच ते: चंदेरी रंग, त्यावर काळसर वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, सुकल्यावर कोरड्या ब्रशनं कडांवर पुन्हा थोडं चंदेरी. झालं! माझ्या आईलासुद्धा आवडले, आणि ती अजून "अगं, या वयात बाहुल्या?" म्हणते.

रंगकामावर मी तासभर बोलू शकते, पण मोजकंच सांगते. रंग पाण्यानं पातळ करा आणि दोन पातळ हात मारा. एक जाड हात मारलात की चेहऱ्याचा वडा होतो. साच्याची रेघ आधी सुरीच्या पाठीनं खरवडून काढा, नाहीतर वॉश तिथेच साचून ती उठून दिसते. (दातावरचं किटण काढण्याची सवय इथे फार उपयोगी पडली. क्लिनिकमधली जुनी हत्यारं आता घरी आहेत, हे पेशंटना सांगू नका.) वेट पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारी पाटी, विकत घेऊ नका. डब्याच्या झाकणात ओला टिश्यू, वर बेकिंगचा कागद, की झालं. मेणाचा कागद चालत नाही, त्यातून ओल वर येत नाही. उन्हाळ्यात अशा पॅलेटशिवाय रंग ब्रशवरच वाळतो. बेसवर फेविकॉल आणि चाळलेली वाळू. दगड करायला एमसील उत्तम, पण ते पटकन कडक होतं, त्यामुळे त्यानं चेहरे घडवायला जाऊ नका.

आणि पावसाळ्यात स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, मारू नका. दमट हवेत तो पिठासारखा खरखरीत बसतो. ब्रशनं लावायचा प्रायमर मिळतो, जूनपासून तोच वापरा. स्प्रेवरून आठवलं. थर्मोकोलची एक टेकडी मी चार रात्री कोरली होती, कडे, पायवाट, सगळं. गॅलरीत नेऊन थेट स्प्रे मारला. डोळ्यांदेखत टेकडी विरघळली, पापड तळताना आक्रसतो तशी. स्प्रेमधलं द्रावण थर्मोकोल खातं, हे मला तेव्हा कळलं. आधी फेविकॉलचा थर द्यायचा किंवा ब्रशनंच रंगवायचं. काकांनी त्या उरलेल्या लगद्याला ज्वालामुखी ठरवलं आणि तो अजून आमच्या टेबलावर आहे.

थ्रीडी प्रिंटरचंही विचारलंय दोघांनी. पहिल्या वर्षी नको. त्यात वापरतात त्या रेझिनला, म्हणजे द्रव प्लॅस्टिकला, हातमोजे लागतात, वेगळी हवेशीर जागा लागते, आणि आपल्या घरांत वेगळी जागा म्हणजे शेवटी स्वयंपाकघराचा ओटा. तिथे तर अजिबात नको.

एका मैत्रिणीनं विचारलं, युद्धाचा खेळ खेळायला बरं कसं वाटतं गं? प्रश्न चुकीचा नाही. प्रशियाच्या लष्करात 1824 पासून नकाशावर फासे टाकून अधिकाऱ्यांना खरंच युद्ध शिकवायचे, म्हणजे या खेळाचं मूळ काही निरागस नाही. पण घरगुती खेळाला रूप दिलं ते विज्ञानकथा लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सनं, 1913 मध्ये, लिटल वॉर्स या पुस्तकात. स्प्रिंगची खेळण्यातली तोफ, शिशाचे सैनिक, दिवाणखान्याची फरशी. त्यातच त्यानं लिहिलंय की हा खेळ तीन-चारदा खेळलात की खरं महायुद्ध किती धांदरट गोष्ट असेल ते कळतं. पुढच्याच वर्षी ते झालं. मला खेळताना नेमकं हेच जाणवतं. माझी प्रत्येक योजना दुसऱ्या फेरीत कोसळते, आणि सुदैवानं समोर फक्त प्लॅस्टिक असतं. जाता जाता, वेल्सनं पुस्तकाच्या लांबलचक नावातच लिहिलं होतं की हा खेळ बारा ते दीडशे वर्षांच्या मुलग्यांसाठी आहे, आणि मुलग्यांचे खेळ आवडणाऱ्या त्या जरा जास्त हुशार मुलींसाठी. हळीव पेरणारी मी ते वाचून बराच वेळ हसत होते.

स्क्रीनशॉटवाल्या मित्रा, तुझं कार्ट रिकामं केलंस असं धरून चालते. रविवारी चार वाजता माझ्याकडे ये. काका असतील, चहा असेल. काही आणू नकोस. तुझ्या बाजूचे पाच मी रंगवून ठेवलेत. एकाचा डावा हात कुत्र्यानं चावलाय, त्याला सार्जंट कर.