खिडकी, कटलेट आणि दुसरा चष्मा

मागच्या महिन्यात एकदा पहाटे पहाटे अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे बाईंचा आवाज. "माफ करा हं, खिडकी म्हणजे तुम्हीच का?"

राँग नंबर म्हणून ठेवणारच होतो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "यांच्या डायरीत एवढंच लिहिलंय. हे गेले हो काल रात्री."

हे म्हणजे आमचा मॉनिटर. घरच्यांना न विचारता नाव लिहिणं बरं दिसत नाही, आणि डब्यात त्याला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतंच. डेक्कन क्वीनच्या पासवाल्यांच्या डब्यात १९९८ पासून ते २०२० च्या मार्चमध्ये गाड्याच बंद पडेपर्यंत, अशी बावीस वर्षं त्याने काढली. सकाळची सव्वासातची गाडी, परतीची संध्याकाळची पाच दहाची. ऑफिस फोर्टात, घर सहकारनगरला. रात्री नऊच्या आत घरी पोचला तर वहिनी घड्याळाकडे बघायच्या.

शोकसभेत एकाने त्याला 'कुटुंबवत्सल' म्हटलं. छापील श्रद्धांजलीत हा शब्द असतोच, वाचताना डोळा त्यावरून घसरतो. मी मात्र तिथे बसून हिशेब करत होतो की हा माणूस आठवड्यातले पाच दिवस चौदा-पंधरा तास घराबाहेर असायचा. मग वत्सल कधी होता?

तर गाडीत होता. आम्ही बघायचो ना.

संध्याकाळी ऑफिस सुटलं की क्रॉफर्ड मार्केटातून जे स्वस्त असेल ते घेऊन यायचा. थंडीत मटार. गाडी सुटली की मांडीवर वर्तमानपत्र पसरायचं आणि सोलायला बसायचं. लोकलच्या लेडीज डब्यात हे रोजचं दृश्य, पण आमच्याकडे टायवाले, ब्रीफकेसवाले. सुरुवातीला जाम टिंगल झाली. मग कल्याणच्या पुढे एकेक हात आपणहून शेंगांकडे वळायला लागला. कर्जतला घाटासाठी मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडेपर्यंत दोन किलो मटार डब्यात भरलेला असायचा. "घरी गेल्यावर ती सोलत बसली, तर माझ्याशी बोलणार कधी?" हे त्याचं स्पष्टीकरण. तेही त्याने चिडून दिलं होतं, चौथ्यांदा विचारल्यावर.

घाट चढताना मुलीची गणितं फोनवर. बोगद्यात रेंज जायची, म्हणून बापलेकीची पद्धत ठरली होती. "बोगदा आला" म्हटलं की तिने पुढची पायरी एकटीने सोडवायची, बोगदा संपला की उत्तर सांगायचं. तिच्या दहावीच्या वर्षी आम्हा सगळ्यांचंही त्रिकोणमितीचं पुस्तक पुन्हा वाचून झालं. पोरीला गणितात किती मिळाले ते मला आजही पाठ आहे. (सांगत नाही, माझ्या मुलाला त्याहून कमी होते.)

"मुंबईत घर बघ की," असं मी त्याला निदान पन्नासदा सुनावलं असेल. त्याच्या वडिलांची एक बाजू अर्धांगाने गेलेली, आईला गुडघे. "दोन खोल्यांत कोंडू का त्यांना? इथे दारात पेरू आहे, त्याच्याखाली खुर्ची टाकली की अण्णांचा दिवस जातो." विषय संपला. पुढे एकदा त्यानेच माझी समजूत काढली, ती पेपरच्या कडेला गणित मांडून. पुणे-मुंबई १९२ किलोमीटर, येऊन-जाऊन ३८४. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. म्हणजे हजार दिवस ये-जा केली की माणूस चंद्रावर. "हे बघ, आपण तिथे जाऊन परतसुद्धा आलो. उगाच रडू नकोस."

२६ जुलै २००५. लोकल ठप्प, मोबाइल मुके. तो ऑफिसात अडकलेला, पण तिथला लँडलाइन चालू होता. त्याच डायरीतून त्याने डब्यातल्या सगळ्यांच्या घरी एकेक करून फोन लावले. माझ्या बायकोला म्हणाला, "खिडकी सुखरूप आहे." मी कुठे होतो ते त्याला ठाऊकही नव्हतं! मी कुर्ल्याच्या पुढे कमरेएवढ्या पाण्यात. घरी पोचल्यावर त्याला झापलं, तर म्हणे, "खोटं निघालं असतं तर माफी मागितली असती. रात्र तर गेली ना त्यांची."

आता जे मनात खुपतंय ते लिहितो. मी त्याच्यावर चिडलोय. त्याला आठ वर्षं डायबेटिस होता, हे मला शोकसभेत कळलं. शेवटचा आठवडाभर छातीत जळजळत होतं तर अॅसिडिटीच्या गोळ्या चघळत बसला, कारण मुलीचे दिवस भरत आले होते आणि घरात उगाच घबराट नको. डायबेटिसवाल्यांना हार्ट अटॅक असाही येतो, ठरलेल्या कळा न देता, हे डॉक्टर सांगून सांगून थकले. बावीस वर्षं आम्ही रोज सहा-सहा तास शेजारी बसलो. राजकारण, क्रिकेट, इन्क्रिमेंट, घाटातला पाऊस, सगळ्यावर बोललो. "तुझी तब्येत कशी आहे रे?" हे त्याने मला कितीदा विचारलं असेल. मी त्याला एकदाही नाही. तो घरच्यांपासून लपवायचा हा त्याचा दोष. मी विचारलं नाही, हा कुणाचा?

नातू बाराव्या दिवशी झाला. सुतक आणि सुवेर एकाच घरात. वहिनी म्हणाल्या, हसू की रडू, ते ठरवायलाही सवड मिळाली नाही.

आता एक काम आहे, त्यासाठीच खरं तर ही पोस्ट. वहिनींना डायरीतल्या प्रत्येकाला स्वतः कळवायचंय. जागा, खाणं, सवय यांवरून त्याने ठेवलेली नावं, आणि बरेचसे जुने लँडलाइन, जे आता लागत नाहीत. आम्ही बसून बहुतेकांचा पत्ता लावला. तीन जण राहिलेत. 'कटलेट', रोज डायनिंग कारमधून मागवायचे म्हणून, एवढं मला आठवतं. 'लोणावळा'. आणि 'दुसरा चष्मा', हे कोण ते आम्हा कुणालाच आठवत नाहीये.

तुम्ही असाल, किंवा ओळखत असाल, तर मला मेसेज करा. फोन वहिनीच करतील.