घड्याळाला साखर कळत नाही, मावशी!

मावशीने काल एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "हेच घेऊन दे गं, म्हणजे रोजचं सुई टोचणं सुटेल." मावशी इन्सुलिन घेते. मेसेज सांगतो: ज्यात जास्तीत जास्त गोष्टी मोजता येतात तेच स्मार्टवॉच घ्या, साखर, बीपी, हार्ट अटॅकची पूर्वसूचना, कॅलरी सगळं मनगटावर कळतं, रोज दहा हजार पावलं चाला, वेगळ्या तपासण्या नकोत.

आधी साखर, कारण इथे जीव जाऊ शकतो. त्वचा न टोचता स्वतःच साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं. चुकीचा आकडा पाहून इन्सुलिन जास्त घेतलं गेलं, तर साखर इतकी उतरते की माणूस काही तासांत बेशुद्ध पडून दगावू शकतो, हेही त्यात बजावलं आहे. "पण आकडा येतो ना!" मावशी म्हणाली. येणारच. स्क्रीनवर आकडा उमटवायला काय लागतं? घड्याळाच्या मागचा हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताची धडधड टिपतो, त्यावरून नाडी कळते, साखर नाही. साखर मोजणारा, दंडावर लावायचा सेन्सर वेगळा. त्याची बारीक तार त्वचेखाली असते, घड्याळ फक्त त्याने पाठवलेला आकडा दाखवतं. हा फरक मेसेजमध्ये कुठेच नाही, आणि याचाच मला सर्वांत जास्त राग आहे.

हार्ट अटॅक? ईसीजी असलेली काही घड्याळं एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांमधली एक अनियमितता, टिपतात. एवढं मान्य करावंच लागेल. पण हार्ट अटॅक त्यांना ओळखता येत नाही. छातीत दुखत असेल तर घड्याळ बघत बसू नका, दवाखाना गाठा.

बीपी दंडाला पट्टा बांधूनच मोजा. कॅलरींचं म्हणाल तर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली, त्यांतलं सर्वांत बरं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं. आणि दहा हजार पावलं हा आकडा आला १९६० च्या दशकातल्या एका जपानी पाऊलमापकाच्या नावावरून. चाला जरूर, पण त्या आकड्यासाठी गुडघे दुखवू नका.

मावशीसाठी मी साधंच घड्याळ बघतेय: मोठे आकडे, मऊ पट्टा, आठवडाभर टिकणारी बॅटरी, नाडी आणि पावलं. साखरेचं मशीन तिच्या उशाशीच राहील.